यंत्राच्या आधी विचार: एड्सगर डायक्स्ट्रा यांचे संशोधनजीवन

एड्सगर डायक्स्ट्रा (१९३०–२००२) हे डच संगणकशास्त्रज्ञ बहुतेकांना एका अल्गोरिदममुळे माहीत असतात. रस्त्यांच्या किंवा तारांच्या जाळ्यात एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाण्याचा सर्वांत जवळचा मार्ग शोधण्याची ती रीत महाराष्ट्रातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत संगणक शाखेचे विद्यार्थी शिकतात, आणि इंटरनेटवरचे असंख्य राउटर ती आजही वापरतात. त्यांच्या कामाचा दुसरा प्रवाह त्या मानाने कमी परिचित आहे. एकाच वेळी चालणाऱ्या, कुठलेही सामायिक घड्याळ नसलेल्या अनेक यंत्रांनी मिळून बिनचूक काम कसे करावे, हा प्रश्न १९५७-५८ च्या सुमारास त्यांच्यासमोर आला आणि पुढची चार दशके त्यांनी तो सोडला नाही. हे दोन प्रवाह संगणकांच्या जाळ्यात एकत्र आले. ते एकत्र आणण्याचे काम मुख्यतः इतरांनी केले, पण त्यासाठी लागणारे विचार डायक्स्ट्रा यांनी आधीच करून ठेवले होते.

त्यांचा जन्म रॉटरडॅमचा. वडील रसायनशास्त्राचे शिक्षक, आई गणितज्ञ. आईने कधी नोकरी केली नाही, पण मुलाच्या विचारपद्धतीवर तिचा ठसा खोल होता. त्रिकोणमिती अवघड असते का, असे मुलाने विचारले तेव्हा तिने दिलेला सल्ला ते उतारवयातही सांगत असत: सूत्रे नीट येऊ देत, आणि उत्तराला पाचापेक्षा जास्त ओळी लागू लागल्या तर वाट चुकली असे समज. लायडन विद्यापीठात ते सैद्धांतिक भौतिकशास्त्र शिकत होते. १९५१ मध्ये त्यांनी केंब्रिजला प्रोग्रॅमिंगचा तीन आठवड्यांचा अभ्यासक्रम केला. तिथे मॉरिस विल्क्स यांच्या गटाने एड्सॅक हा संगणक उभा केला होता. त्या अभ्यासक्रमाची बातमी अ‍ॅमस्टरडॅमच्या मॅथेमॅटिकल सेंटरमधल्या आद्रियान व्हान वाइनखार्डन यांच्या कानावर गेली आणि त्यांनी या विद्यार्थ्याला नोकरी देऊ केली. मार्च १९५२ मध्ये डायक्स्ट्रा तिथे अर्धवेळ रुजू झाले.

या नोकरीची रचना मुद्दाम लक्षात घेण्याजोगी आहे, कारण पुढचे सारे तिच्यातून निघाले. ब्रॅम लोपस्ट्रा आणि कारेल स्कोल्टन हे दोघे यंत्र बांधत, डायक्स्ट्रा त्या यंत्रासाठी प्रोग्रॅम लिहीत. यंत्र काय करेल आणि काय करणार नाही, याचे काटेकोर वर्णन आधी कागदावर उतरे. ते दोन्ही बाजूंचा करारच असे. मग ते दोघे जुळणीला लागत आणि डायक्स्ट्रा अजून अस्तित्वात नसलेल्या यंत्रासाठी लिहायला बसत. यंत्र उभे राहायला कित्येक महिने लागत. तोवर लिहिलेले चालवून पाहण्याची सोयच नव्हती. जे लिहिले ते बरोबर आहे हे वाचून, विचार करून आणि सिद्ध करून पटवून घ्यावे लागे. प्रोग्रॅम लिहायचा, चालवायचा, बिघडला की डागडुजी करायची, ही पुढे जगभर रूढ झालेली सवय त्यांना तरुणपणी लागलीच नाही. त्यांच्या नंतरच्या कठोर मतांचे मूळ या परिस्थितीत आहे. ती मते एखाद्या तत्त्वज्ञानातून आलेली नव्हती. रोजच्या कामाने ती घडवली होती.

तरीही तीन वर्षे हे काम केल्यावर ते अस्वस्थ झाले. भौतिकशास्त्राला परंपरा होती, प्रतिष्ठा होती. प्रोग्रॅमिंगला ज्ञानशाखा म्हणावे असे काहीच नव्हते. १९५५ मध्ये त्यांनी व्हान वाइनखार्डन यांच्याकडे मन मोकळे केले. संगणक आता जाणार नाहीत, आपण अगदी आरंभाला उभे आहोत, आणि या कामाला प्रतिष्ठेची शाखा बनवणाऱ्यांत तूही असू शकशील, असे उत्तर त्यांना मिळाले. त्यांनी भौतिकशास्त्राचा अभ्यास लवकरात लवकर आटोपला आणि प्रोग्रॅमर व्हायचे ठरवले. १९५७ मध्ये लग्नाच्या नोंदणीत व्यवसाय म्हणून त्यांनी ‘प्रोग्रॅमर’ लिहिले, तर असा व्यवसायच नाही म्हणून ते मान्य झाले नाही. दाखल्यावर सैद्धांतिक भौतिकशास्त्रज्ञ अशी नोंद राहिली.

लघुतम मार्गाचा अल्गोरिदम १९५६ मधला. आर्मॅक या नव्या संगणकाचे उद्घाटन व्हायचे होते. पाहुण्यांना दाखवायचे ते गणित न येणाऱ्या माणसालाही प्रश्न आणि उत्तर दोन्ही कळतील असे हवे होते. डायक्स्ट्रा यांनी नेदरलँड्सचा रस्त्यांचा नकाशा निवडला आणि त्यातली ६४ शहरे घेतली. ६४ यासाठी, की प्रत्येक शहराची ओळख सहा बिटांत मावते. एका सकाळी ते आपल्या वाग्दत्त वधूबरोबर, रिया देबेट्स यांच्याबरोबर, अ‍ॅमस्टरडॅममध्ये खरेदीला गेले होते. थकल्यावर दोघे एका कॅफेच्या बाहेर कॉफी घेत बसले आणि तिथे वीसेक मिनिटांत रीत तयार झाली. हाताशी कागद-पेन्सिल नव्हती. पुढे ते सांगत की, रीत इतकी साधी राहण्याचे एक कारण हेच: डोक्यातच काम करायचे असल्यावर टाळता येण्यासारखी प्रत्येक गुंतागुंत माणूस टाळतोच.

रीत अशी आहे. रॉटरडॅमहून ग्रोनिंगेनला जायचे आहे. आरंभी एकच अंतर निश्चित माहीत असते, रॉटरडॅमचे स्वतःपासूनचे, म्हणजे शून्य. त्याला थेट जोडलेल्या शहरांची अंतरे तात्पुरती मांडून ठेवायची. तात्पुरत्या अंतरांपैकी जे सर्वांत कमी, ते शहर कायमचे निश्चित करायचे. दुसऱ्या कोणत्याही वाटेने तिथे पोचायचे तर आधी तितक्याच किंवा त्याहून दूरच्या एखाद्या शहरातून जावे लागणार, आणि रस्त्याची लांबी काही ऋण नसते. म्हणून हे अंतर यापुढे कमी होऊ शकत नाही. नवे शहर निश्चित झाले की त्याच्या शेजाऱ्यांची तात्पुरती अंतरे त्या वाटेने घटतात का ते पाहायचे, आणि पुन्हा सर्वांत लहान अंतर निवडायचे. ग्रोनिंगेन निश्चित झाले की थांबायचे. प्रत्येक टप्प्यावर एक विधान खरे राहते: निश्चित केलेल्या शहरांची अंतरे अंतिम आहेत. हे विधान आणि ती कृती एकमेकांपासून वेगळी काढता येत नाहीत. रीत सांगतानाच ती का बरोबर आहे तेही सांगून होते, आणि डायक्स्ट्रा यांच्या शैलीचे सारे काही या पहिल्या उदाहरणात आहे.

पुढच्या वर्षी यंत्र बांधणाऱ्यांकडून दुसरा प्रश्न आला. नव्या एक्स-वन संगणकाच्या मागच्या पॅनेलवरच्या पिना एकमेकींना जोडायच्या, पण तांब्याची तार कमीत कमी लागली पाहिजे. उत्तर जवळपास त्याच घडणीचे निघाले: जोडल्या गेलेल्या पिनांच्या गटापासून सर्वांत जवळची न जोडलेली पिन दरवेळी घ्यायची. हीच रीत चेक गणितज्ञ व्होयटेख यार्निक यांनी १९३० मध्ये आणि रॉबर्ट प्रिम यांनी १९५७ मध्ये स्वतंत्रपणे मांडली होती. दोन्ही प्रश्न १९५९ मध्ये ‘नूमेरिशे माथेमाटिक’ या नियतकालिकात तीन पानांच्या एका टिपणात छापून आले. एवढा उशीर झाला, कारण मोजक्या शहरांमधला मार्ग शोधणे याला तेव्हा कुणी गणित म्हणत नव्हते. शहरे मर्यादित, मार्ग मर्यादित, मग त्यात सिद्ध काय करायचे? मर्यादित पण अफाट संख्येतून मार्ग काढणे ही स्वतंत्र विद्या आहे, ही समज अजून यायची होती. मूळ रीतीला शहरांच्या संख्येच्या वर्गाच्या प्रमाणात पायऱ्या लागतात. १९८० च्या दशकात मायकेल फ्रेडमन आणि रॉबर्ट टार्जन यांनी फिबोनाची हीप ही रचना वापरून ती बरीच वेगवान केली, आणि २०२५ मध्ये चिनी संशोधकांच्या पुढाकाराने विरळ जाळ्यांसाठी त्याहूनही वेगवान रीत प्रसिद्ध झाली. एवढ्या वर्षांनंतरही हा प्रश्न संशोधकांना खेचून घेतो.

दुसऱ्या प्रवाहाची सुरुवात भीतीने झाली, आणि डायक्स्ट्रा यांनी ती भीती कधी लपवली नाही. एक्स-वनमध्ये लोपस्ट्रा आणि स्कोल्टन यांना ‘इंटरप्ट’ घालायचा होता. तोवर प्रोग्रॅम छपाईयंत्राची वाट पाहत एकाच जागी फिरत राही. आता छपाईयंत्र मोकळे झाले की तेच संगणकाला अध्येमध्ये टोकणार होते. वेळ वाचणार होता. पण टोकण्याचा क्षण कुणाच्याच हातात नसणार होता. तोच प्रोग्रॅम, तीच माहिती, तरी दोन वेळा चालवल्यावर घटनांचा क्रम वेगळा. एकदा दिसलेली चूक पुन्हा कधीच दिसणार नाही, मग ती शोधायची कशी? डायक्स्ट्रा यांनी होकार द्यायला बरेच महिने लावले. शेवटी त्यांनी होकार दिला आणि इंटरप्ट हाताळणारा प्रोग्रॅम स्वतः लिहिला. त्यांची अट एकच होती. ज्या प्रोग्रॅमला मध्येच थांबवले त्याला आपण थांबवले गेलो होतो हे कधीच कळू नये. त्याने मांडून ठेवलेले सारे जसेच्या तसे परत मिळाले पाहिजे. मग टोकण्याचा क्षण कोणताही असो, फरक पडत नाही. हेच काम १९५९ मध्ये त्यांचा पीएच.डी. प्रबंध झाले.

ही अट दिसते त्यापेक्षा मोठी आहे. वेळेविषयी काहीही गृहीत धरायचे नाही, असा तिचा अर्थ. कोण आधी, कोण नंतर, कोण किती वेगाने, यांतल्या कशावरही बरोबर उत्तर अवलंबून असता कामा नये. चालवून पाहिलेल्या हजार वेळांपैकी हजार वेळा प्रोग्रॅम बरोबर चालला तरी एक हजार एकावा क्रम वेगळा असू शकतो. म्हणून इथे सिद्धतेला पर्याय नाही. यंत्राच्या आधी विचार करण्याची जी सवय परिस्थितीने लावली होती, तिला आता विषयानेच आधार दिला.

ऑगस्ट १९६० मध्ये याप झोनेव्हेल्ड यांच्यासह त्यांनी एक्स-वनसाठी अल्गोल ६० भाषेचा कंपायलर पुरा केला. या भाषेच्या अगदी आरंभीच्या कंपायलरांत त्याची गणना होते. १९६२ मध्ये ते आइंडहोव्हनच्या तंत्रविद्यापीठात गणिताचे प्राध्यापक झाले.

आइंडहोव्हनमध्ये एकाच वेळी चालणाऱ्या प्रोग्रॅमांचा प्रश्न त्यांनी समोरून घेतला. अनेक प्रोग्रॅम एकच साधन वापरू पाहतात, पण एका वेळी एकालाच ते मिळायला हवे. वेगाबद्दल काहीही ठरलेले नाही. दोन प्रोग्रॅमांसाठी याचे उत्तर मॅथेमॅटिकल सेंटरमधल्या थेओडोरस डेकर यांनी शोधले होते. कितीही प्रोग्रॅमांसाठीचे उत्तर डायक्स्ट्रा यांनी १९६५ मध्ये प्रसिद्ध केले, जेमतेम एका पानात. त्याच काळात त्यांनी सेमाफोरची कल्पना मांडली: एक पूर्णांक, जो फक्त दोन ठरावीक क्रियांनी बदलता येतो, एक क्रिया तो कमी करते आणि गरज पडली तर थांबून राहते, दुसरी वाढवते आणि थांबलेल्याला मोकळे करते. आजच्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये ही कल्पना जशीच्या तशी नांदते आहे. १९६५ मध्येच विद्यार्थ्यांच्या परीक्षेसाठी त्यांनी टेप-यंत्रांसाठी झगडणाऱ्या संगणकांचा एक प्रश्न घातला. संगणकशास्त्रज्ञ टोनी होअर यांनी त्याला गोल टेबलाभोवती जेवायला बसलेल्या तत्त्वज्ञांचे रूप दिले, आणि त्या रूपात तो जगभरच्या पाठ्यपुस्तकांत गेला.

या साऱ्याची कसोटी म्हणजे टीएचई ही ऑपरेटिंग सिस्टिम. ती एक्स-एट या संगणकासाठी एका लहान गटाने लिहिली. रचना थरांची होती. सर्वांत खालचा थर प्रोसेसरचा वेळ वाटून देई. त्याच्या वरच्या थरांना प्रोसेसर एकच आहे हे माहीत असण्याची गरज नसे. पुढचा थर मेमरी सांभाळी, त्यानंतर ऑपरेटरशी संवाद, मग आत-बाहेर जाणारी माहिती, आणि सर्वांवर वापरणाऱ्यांचे प्रोग्रॅम. प्रत्येक थर खालच्याच्या भरवशावर सिद्ध करायचा, मग वरचा. १९६८ मध्ये छापलेल्या लेखात डायक्स्ट्रा यांनी नोंदवले की तपासणीत सापडल्या त्या फक्त किरकोळ लेखनचुका, दर ५०० सूचनांमागे सुमारे एक, आणि प्रत्येक दहा मिनिटांच्या आत सापडली. पुढे संगणकजाळ्यांचे नियमही थरांतच बांधले गेले. जिथे एका माणसाला सगळी यंत्रणा एकदम डोळ्यांसमोर ठेवणे अशक्य असते तिथे ही विभागणी सोयीपेक्षा जास्त काही असते. तिच्याशिवाय कामच होत नाही.

टीएचई पुरी झाल्यावर गट विखुरला आणि डायक्स्ट्रा नैराश्यात गेले. त्यातून बाहेर पडण्यासाठी त्यांनी लिहायला घेतले. त्या लेखनातून संरचित प्रोग्रॅमिंगवरची टिपणे तयार झाली. त्यांनी ती वीसेक परिचितांना पाठवली. छायाप्रतींवर छायाप्रती निघत ती अनेक देशांत पोचली. ‘गो टू’ या आज्ञेविरुद्धचे १९६८ चे त्यांचे छोटे पत्र त्याहून गाजले, पण त्यांचे वैचारिक वजन या टिपणांत जास्त आहे. १९७२ चे ट्युरिंग पारितोषिक त्यांना मिळाले. त्या वेळच्या बॉस्टनमधल्या भाषणात त्यांनी माणसाच्या बुद्धीच्या मर्यादा ओळखून काम करण्याची विनंती केली.

१९७३ पासून ते बरोज या अमेरिकन कंपनीचे संशोधक झाले. कामाची जागा म्हणजे न्यूनेन गावातल्या घराची वरची खोली. वर्षातून काही वेळा कंपनीच्या ठिकाणांना भेटी, आठवड्यातला एक दिवस आइंडहोव्हनला. तिथे मंगळवारी दुपारी निवडक मंडळी जमत, एखादा लेख ओळीओळीने वाचत आणि प्रत्येक व्याख्येवर, प्रत्येक चिन्हावर थांबत. उरलेला वेळ लिहिण्याचा. फाउंटन पेनने, सुवाच्य अक्षरांत, बहुधा खाडाखोड न करता. प्रत्येक टिपणाला स्वतःच्या आद्याक्षरांचा, म्हणजे ईडब्ल्यूडीचा, क्रमांक देत आणि प्रती काही जणांना टपालाने पाठवत. मिळालेले पुढे इतरांना देत. संपादक, परीक्षक, परिषद यांच्या आधीच त्यांचे विचार अशा रीतीने वाचले जात. अखेरीस ही टिपणे १३०० च्या वर गेली. वाक्य पूर्ण मनात तयार झाल्यावरच कागदावर उतरवायचे, ही त्यांची सवय त्या लेखनातून जाणवते.

याच काळात, नोव्हेंबर १९७४ मध्ये, त्यांचा दोन पानांचा एक लेख आला. त्याचा विषय होता स्वतःहून स्थिरावणाऱ्या यंत्रणा. त्यातली सर्वांत सोपी रचना अशी. वर्तुळात जोडलेली यंत्रे आहेत. प्रत्येकाकडे एक आकडा आहे, आणि प्रत्येकाला फक्त डावीकडच्या शेजाऱ्याचा आकडा दिसतो. एक यंत्र सोडून बाकी सर्वांचा नियम एकच: शेजाऱ्याचा आकडा वेगळा असेल तर पाळी आपली, आणि पाळी वापरायची म्हणजे त्याचा आकडा उचलायचा. त्या एका विशेष यंत्राचा नियम उलटा: आकडा शेजाऱ्याइतकाच असेल तर पाळी आपली, मग तो एकाने वाढवायचा आणि मर्यादेला पोचला की शून्यावर यायचे. उद्देश हा, की कोणत्याही क्षणी पाळी नेमकी एकाच यंत्राची असावी. आता समजा, बिघाड होऊन सर्वांचे आकडे हवे तसे विसकटले. अनेकांना पाळी आपली वाटते आहे. सगळ्यांवर नजर ठेवणारा कुणी नाही. तरीही, आकड्यांची मर्यादा यंत्रांच्या संख्येहून कमी नसेल, तर हेच नियम पाळत राहिल्यास काही वेळाने पाळी एकाचीच होते आणि पुढे तशीच राहते. विशेष यंत्राचा आकडा वाढत वाढत कधीतरी अशा किमतीला येतो जी वर्तुळात दुसऱ्या कुणाकडेच नाही. मग त्याला पुन्हा हलायचे तर ती किंमत संपूर्ण वर्तुळ पार करून त्याच्या डाव्या शेजाऱ्यापर्यंत यावी लागते, आणि येते तेव्हा सर्वांकडे तोच आकडा झालेला असतो.

बिघाड कोणता, कधी, कसा, हे इथे विचारलेच जात नाही. कुठल्याही अवस्थेतून सुरुवात झाली तरी शेवट ठीक होईल, एवढेच सिद्ध केले जाते. इंटरप्टच्या वेळी वेळेबद्दलची सारी गृहीतके काढून टाकली होती. इथे आरंभाच्या अवस्थेबद्दलची गृहीतकेही काढली. १९५८ ते १९७४ हा एकाच विचाराचा सरळ चढता मार्ग आहे. लेखात सिद्धता दिलेल्या नव्हत्या, त्या वाचकावर सोडल्या होत्या. त्यातल्या तीन अवस्थांच्या अवघड रीतीची सिद्धता डायक्स्ट्रा यांनी १९८६ मध्ये छापली. लेखाकडे जवळजवळ दहा वर्षे कुणी फारसे पाहिले नाही. संगणकशास्त्रज्ञ लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९८३ मध्ये एका परिषदेतल्या भाषणात तो डायक्स्ट्रा यांचा सर्वांत तेजस्वी प्रकाशित लेख असल्याचे सांगितले, तेव्हा संशोधक त्याकडे वळले.

१९८० मध्ये कारेल स्कोल्टन यांच्यासह आणखी एक रीत आली. हेच स्कोल्टन तीस वर्षांपूर्वी यंत्रे बांधत होते. प्रश्न असा: जाळ्यातल्या एका नोडने, म्हणजे एका यंत्राने, काम सुरू केले, निरोप पाठवले, ज्यांना मिळाले त्यांनी पुढे पाठवले, सगळे काम संपले हे पहिल्याला कळणार कसे? उत्तरात प्रत्येक नोड ज्याच्याकडून पहिला निरोप आला त्याला लक्षात ठेवतो. नंतर आलेल्या निरोपांची पोच लगेच देतो, पहिल्याची पोच मात्र स्वतःचे काम संपून आपण पाठवलेल्या साऱ्या निरोपांच्या पोचा आल्यावरच. अशा रीतीने कामाबरोबर एक झाड वाढते आणि फांद्यांच्या टोकांकडून मिटत येते. मुळापर्यंत मिटले की काम संपले.

आता जाळ्यांकडे. १९६९ मध्ये सुरू झालेल्या अर्पानेट या संगणकजाळ्यात प्रत्येक नोड शेजाऱ्यांना आपले अंतरांचे तक्ते वारंवार पाठवी आणि मिळालेल्या तक्त्यांवरून आपला सुधारी. शेजारी म्हणेल ते खरे धरायचे, अशी ती पद्धत होती. एखादी तार तुटल्याची बातमी सावकाश पसरे आणि मध्यंतरी निरोप दोन नोडांत गोल फिरत राहत. १९७९ मध्ये जॉन मॅक्विलन, आयरा रिचर आणि एरिक रोझेन यांनी पद्धत बदलली. प्रत्येक नोडने फक्त स्वतःच्या तारांवरचा विलंब मोजायचा आणि तो सर्वांना कळवायचा. मग प्रत्येकाकडे संपूर्ण जाळ्याचा नकाशा तयार होतो, आणि प्रत्येक नोड त्यावर डायक्स्ट्रा यांची १९५६ ची रीत चालवून आपापला मार्ग ठरवतो. पाहुण्यांसाठी तयार केलेले प्रात्यक्षिक अशा रीतीने जाळ्याच्या दैनंदिन कारभाराचा गाभा झाले. डायक्स्ट्रा यांचा या बदलात प्रत्यक्ष सहभाग नव्हता.

नकाशे सर्वांचे सारखे असतील तरच ही पद्धत चालते, आणि तिची दुखरी जागा इथे आहे. जुनी आणि नवी बातमी ओळखण्यासाठी अर्पानेटच्या निरोपांवर सहा बिटांचा क्रमांक असे, ० ते ६३, मग पुन्हा ०. क्रमांक फिरत असल्याने नवा कोणता हे ठरवायचा नियम वर्तुळाचा होता: पुढे ३२ च्या आत असेल तो नवा. २७ ऑक्टोबर १९८० रोजी हार्डवेअरमधल्या दोषामुळे एका निरोपाच्या क्रमांकातले बिट गळाले आणि एकाच नोडचे ४४, ४० आणि ८ अशा क्रमांकांचे तीन निरोप जाळ्यात एकदम फिरू लागले. नियमाप्रमाणे ४४ हा ४० पेक्षा नवा, ४० हा ८ पेक्षा नवा आणि ८ हा ४४ पेक्षा नवा. प्रत्येक नोड प्रत्येक निरोपाला नवा समजून पुढे पाठवत राहिला. दोषी हार्डवेअर बाजूला झाल्यावरही फेरा थांबेना, कारण निरोप आता साऱ्या नोडांत पसरले होते आणि परस्परांना जिवंत ठेवत होते. अर्पानेट कित्येक तास ठप्प होते. त्या नोडचे निरोप दुर्लक्षित करण्याची दुरुस्ती साऱ्या जाळ्यात हाताने पोचवावी लागली.

१९७४ च्या लेखातला प्रश्न नेमका हाच होता: बिघाड गेल्यावर यंत्रणा स्वतःहून सावरते का? अर्पानेट सावरले नाही. १९८३ मध्ये रेडिया पर्लमन यांनी निरोप पसरवण्याची नवी पद्धत मांडली. तिच्यात क्रमांक वर्तुळात न फिरता सरळ वाढतात आणि प्रत्येक निरोपाला वय असते. ठरावीक वयानंतर तो बाद होतो, त्यामुळे कसलीही विकृत अवस्था आली तरी ती आपोआप विरते. आयएस-आयएस आणि ओएसपीएफ हे आजचे मोठे राउटिंग नियम याच विचारावर उभे आहेत. ओएसपीएफची पहिली आवृत्ती १९८९ ची. तिच्यात मार्ग काढायला डायक्स्ट्रा यांची रीत आहे, आणि नकाशे सर्वत्र सारखे ठेवायला क्रमांक आणि वय. त्यांच्या कामाचे दोन्ही प्रवाह एकाच राउटरमध्ये शेजारी शेजारी चालतात.

१९८४ मध्ये ते अमेरिकेत ऑस्टिनच्या टेक्सस विद्यापीठात गेले आणि १९९९ मध्ये निवृत्त होईपर्यंत तिथे शिकवले. फळा आणि खडू पुरेसे. परीक्षा तोंडी, निवांत, एका वेळी एकच विद्यार्थी. १९८८ मध्ये त्यांनी सुचवले की प्रोग्रॅमिंगचा पहिला अभ्यासक्रम संगणकाशिवाय असावा, भाषाही अशी की जिचा कंपायलर उपलब्ध नाही. विद्यार्थ्याला चालवून पाहण्याचा मोह होऊ नये आणि त्याने सिद्ध करायला शिकावे, हा हेतू. यावर मोठा वाद झाला, आणि आक्षेपांत तथ्य होते. बाजारपेठेसाठी रोज बदलणारे सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याला एवढी सिद्धता परवडत नाही, आणि हाताने करून पाहिल्याशिवाय अनेकांना विषयाची गोडीच लागत नाही. पण जिथे शेकडो यंत्रे एकमेकांशी बोलत काम करतात तिथे डायक्स्ट्रा यांची मागणी आज अधिकच खरी ठरते आहे. अ‍ॅमेझॉनच्या क्लाउड सेवांमध्ये यंत्रणांचे वर्णन आधी गणिती भाषेत लिहून तपासले जाते, आणि त्यासाठी लॅम्पोर्ट यांनी घडवलेली टीएलए प्लस ही भाषा वापरली जाते. अशा ठिकाणी चाचण्यांत कधीच न दिसलेल्या चुका त्या वर्णनातून सापडल्या आहेत.

२००२ च्या उन्हाळ्यात वितरित संगणनावरच्या पीओडीसी परिषदेने आपले प्रभावी लेखाचे पारितोषिक १९७४ च्या त्या दोन पानी लेखाला दिले. डायक्स्ट्रा तेव्हा न्यूनेनला परतले होते आणि कर्करोगाने आजारी होते. ६ ऑगस्ट २००२ रोजी त्यांचे निधन झाले. पुढच्या वर्षीपासून ते पारितोषिक त्यांच्या नावाने दिले जाते. त्यांची टिपणे ऑस्टिनच्या विद्यापीठाने जपली आहेत. शेवटचे, १३१८ व्या क्रमांकाचे, एप्रिल २००२ मधले आहे.